गोशेनचा कबुलीजबाब

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात गोशेन नावाचे एक लहान शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३४,५१७ भरली. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाच त्याचा विस्तार. मार्च २०१५ मध्ये या शहराच्या नगरपरिषदेने एक ठराव संमत केला. त्यात रस्त्याची मंजुरी नव्हती की पाणीपट्टीची वाढ नव्हती. विसाव्या शतकाच्या फार मोठ्या काळात गोशेन हे 'सनडाऊन टाउन' होते, ते अन्यायाचे होते आणि शहराला ते मान्य आहे, एवढाच त्याचा आशय होता.

सनडाऊन टाउन म्हणजे सूर्यास्तबंदीचे गाव. कृष्णवर्णीय माणसाने दिवसा यावे, ओझी वाहावीत, आगगाडी बदलावी. दिवेलागणीनंतर मात्र गावात दिसू नये, असा तेथील दंडक असे. अशी गावे केवळ गुलामगिरीच्या दक्षिणेत होती, हा समज अमेरिकेतही दीर्घकाळ रूढ होता. समाजशास्त्रज्ञ जेम्स लोवेन यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने तो पार खोडून काढला. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेतील राज्यांतच ही गावे मोठ्या संख्येने पसरलेली होती. बहुतेक ठिकाणी कायद्याच्या पुस्तकात या बंदीचा शब्द सापडत नाही. तिला पुस्तकाची गरजही नव्हती. घर विकणाऱ्याचा नकार, उपाहारगृहाच्या मालकाची नजर आणि पोलिसाचा सल्ला एवढ्यावर गावकूस उभे राहते. गोशेनच्या प्रचारपत्रकांतून तर नगरीची लोकसंख्या जवळजवळ संपूर्ण देशी गोरी असल्याचे आणि येथे निग्रो वस्ती नसल्याचे भूषणाने सांगितले जात असे. कारखानदारांना आणि नव्या रहिवाशांना आकर्षित करण्यासाठी ही माहिती हवेच्या आणि रेल्वेच्या सोयीच्या शेजारी छापली जाई.

असा दंडक असलेली गावे अमेरिकेत हजारोंनी होती. मग गोशेनचीच दखल कशासाठी घ्यावयाची? गोशेनची ओळख मेनोनाइट पंथाचे शहर अशी आहे म्हणून. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे, सत्तेच्या खुर्चीचा मोह न धरणे हे ज्यांचे आद्य व्रत, त्या लोकांच्या सान्निध्यात हा दंडक सुखेनैव नांदला. सज्जनांच्या शेजारी अन्याय कसा निर्वेधपणे राहतो याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते, आणि तो हटवावयास काय करावे लागते याचेही.

या पंथाचा उगम १५२५ सालच्या जानेवारीत झुरिच येथे झाला. बालकाला अजाणतेपणी दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, जाणत्या माणसाने स्वेच्छेने स्वीकारलेला तोच खरा, असे काही तरुणांनी ठरविले. वरवर हा विधीचा वाद दिसतो. वस्तुतः जन्माने प्रजा आणि जन्मानेच धर्मसदस्य या समीकरणावर तो घाव होता. राज्य आणि धर्मपीठ यांची गाठ सोडविण्याची ही मागणी कॅथलिकांना सहन झाली नाही आणि नव्या सुधारकांनाही झाली नाही. १५२७ साली फेलिक्स मान्झ या तरुणाला झुरिचच्या सुधारकी नगरसभेने लिमात नदीत बुडवून मारले. पुढे मेनो सिमन्स या धर्मगुरूने १५३६ साली कॅथलिक पीठ सोडून या विखुरलेल्या, पाठलाग होत असलेल्या लोकांना सावरले. त्याच्याच नावावरून मेनोनाइट हे नाव पडले. आमिश ही त्यांचीच एक अधिक कर्मठ शाखा.

१६८३ पासून हे लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या परिसरात येऊ लागले. तेथील जर्मनटाउन वस्तीतून १६८८ साली गुलामगिरीचा निषेध करणारे पत्रक निघाले. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींतील तो या प्रकारचा पहिला लेखी निषेध मानला जातो. सह्या करणारे चौघे क्वेकर सभेचे होते, परंतु त्या वस्तीची जडणघडण मेनोनाइट आणि क्वेकर अशा दोन्ही परंपरांतून झालेली होती. हा वारसा घेऊन १८४० नंतर मेनोनाइट आणि आमिश कुटुंबे इंडियानाच्या एल्कार्ट जिल्ह्यात शेतीसाठी उतरली. ती जमीन रिकामी नव्हती. पोटावाटोमी या आदिवासी जमातीची ती भूमी. १८३८ साली, म्हणजे पहिल्या आमिश गाड्या येण्यापूर्वी जेमतेम तीन वर्षे, आठशेहून अधिक पोटावाटोमींना बंदुकीच्या धाकावर इंडियानातून कॅन्ससपर्यंत चालविण्यात आले. वाटेत मेलेल्यांत मुलांची संख्या मोठी होती. मेनोनाइटांनी कोणावर बंदूक रोखली नाही. बंदुकीने मोकळी केलेली जमीन मात्र त्यांनी रीतसर दाम मोजून घेतली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. गोशेन शहर १८३१ साली वसले ते मेनोनाइटांनी वसविलेले नव्हे. ते मुख्यतः भोवतालच्या शेतांवर राहत. शहराचा कारभार, पेढ्या आणि दुकाने दीर्घकाळ इतर प्रॉटेस्टंट पंथीयांच्या हाती होती. १९०३ साली त्यांचे महाविद्यालय एल्कार्टहून गोशेनला आले, तेव्हापासून शहराच्या बौद्धिक जीवनावर त्यांचा ठसा उमटू लागला. तेव्हा सूर्यास्तबंदी त्यांनी लादली असे म्हणता येणार नाही. त्यांनी ती पाहिली, आणि ती जगाची गोष्ट आहे, मंडळीची नव्हे, असे समजून ते आपल्या प्रार्थनेला गेले.

त्यांचे औदार्य खोटे होते काय? मुळीच नाही, आणि याचा पुरावा हिंदुस्थानातच आहे. १८९७ च्या दुष्काळाची बातमी ऐकून गोशेनपासून काही मैलांवरच्या एल्कार्टमध्ये मेनोनाइटांनी मदत समिती स्थापन केली. तेथील जॉर्ज लॅम्बर्ट हा धर्मोपदेशक स्वतः हिंदुस्थानात आला आणि परत जाऊन त्याने १८९८ साली येथील दुष्काळ आणि प्लेग यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. १८९९ साली त्यांचे पहिले मिशनरी धमतरीला पोहोचले. आज छत्तीसगडमध्ये असलेले हे गाव तेव्हा नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतात होते. दवाखाने, शाळा, कुष्ठरोग्यांची सेवा ही कामे तेथे पिढ्यान्पिढ्या झाली. म्हणजे सात समुद्रांपलीकडची भूक ज्यांना दिसली, त्यांना आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यात रात्री कोणाला पाठ टेकू दिली जात नाही हे दिसले नाही. दिसले असले तरी त्यासाठी समिती निघाली नाही. दूरच्या पीडिताला दान देता येते. जवळच्याच्या बाजूने उभे राहावयाचे तर शेजाऱ्याशी भांडावे लागते, आणि भांडण तर व्रतात बसत नव्हते.

या वृत्तीला सिद्धान्ताची बैठकही होती, आणि ती उथळ नव्हती. गोशेन महाविद्यालयातील प्राध्यापक गाय हर्शबर्गर यांनी १९४४ साली युद्ध, शांती आणि अप्रतिकार यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाशीही आपला मतभेद नोंदविला. सत्याग्रह अहिंसक असला तरी तो प्रतिपक्षावर दडपण आणतो, त्याला नमविण्याचा प्रयत्न करतो. ख्रिस्ताच्या अनुयायाने दडपणच आणू नये, अन्याय सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. ज्या देशात मिठाच्या एका मुठीने साम्राज्याला हादरे दिले, तेथील वाचकाला ही भूमिका विलक्षण वाटेल. परंतु तिचा अर्थ गोशेनच्या संदर्भात पाहिला पाहिजे. प्रतिकार आणि हिंसा यांना एकाच मापात घातले की जे चालले आहे त्याला अभय मिळते.

कामगार चळवळीच्या बाबतीत हे अधिकच उघडे पडले. संप हे दडपण, म्हणून संपही निषिद्ध. संघटना हे दडपणाचे साधन, म्हणून सदस्यत्वही निषिद्ध. १९३९ साली मेनोनाइट पंथाने उद्योगसंबंधांसाठी समिती नेमली, तिचे काम हर्शबर्गर यांनीच पाहिले. मेनोनाइट कामगाराला संघटनेत सामील होण्याची सक्ती करू नये, त्याने वर्गणीएवढी रक्कम धर्मादायाला द्यावी, असे समझोते या समितीने ठिकठिकाणच्या कामगार संघटनांशी केले. संघटनांनी ते मान्य केले हे त्यांचे मोठेपण. पण मालकाच्या हाती जे दडपण प्रत्येक सकाळी असते, कामावरून काढण्याचे, त्याविरुद्ध मात्र समझोत्याचे कलम नव्हते. हर्शबर्गर यांना याची जाणीव नव्हती असे नाही. मालक व कामगार दोघांनाही प्रेमाने वागावयास सांगावे असे ते लिहीत. सांगण्यापलीकडे काही करावयाचे नाही, हीच तर अडचण.

तथापि माणसे आपल्या सिद्धान्ताहून मोठी होतात हेही याच प्राध्यापकाने दाखविले. वंशभेदाच्या प्रश्नावर ते अस्वस्थ होत गेले. १९५५ साली मेनोनाइटांच्या सर्वसाधारण परिषदेने वंशभेद हे पाप आहे असे निवेदन स्वीकारले, त्यामागे त्यांचा हात होता. मार्च १९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे व्याख्यान गोशेन महाविद्यालयात झाले. गांधीजींकडून सत्याग्रह शिकलेला हा नेता, सत्याग्रहाला दडपण म्हणणाऱ्यांच्या व्यासपीठावर, सूर्यास्तबंदीच्या शहरात! टाळ्या झाल्या असतील. व्याख्यानानंतर शहर होते तसेच राहिले. परिषदेच्या निवेदनापासून नगरपरिषदेच्या ठरावापर्यंत साठ वर्षे गेली.

या साठ वर्षांत गोशेनमध्ये जी विविधता आली ती कोणाच्या उपदेशाने आली नाही. ती कारखान्यांच्या फाटकातून आली. मोटारीला जोडून न्यावयाची फिरती घरे बनविण्याचा धंदा एल्कार्ट जिल्ह्यात एकवटलेला आहे. अमेरिकेतील अशा घरांपैकी बहुसंख्य येथेच तयार होतात. आधी आमिश आणि मेनोनाइट शेतकऱ्यांची मुले या कारखान्यांत शिरली, कारण शेती तुकड्यातुकड्यांनी संपत चालली होती. कष्टाळू, वक्तशीर आणि संघटनेपासून दूर राहणारा हा कामगार मालकांना पर्वणीच वाटला. १९९० नंतर हे मनुष्यबळ अपुरे पडले, तेव्हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांना दारे उघडली. २००० साली शहरातील दर पाच माणसांत जवळजवळ एक लॅटिन अमेरिकी वंशाचा होता. २०१० साली दर चौघांत एकाहून अधिक. शहराच्या शाळांत तर आता निम्म्याच्या आसपास मुले अशा घरांतील आहेत. ज्या शहराने आपल्या गोरेपणाची जाहिरात केली, त्याचे मुख्य रस्ते दोन भाषांत बोलू लागले. कॅथलिक चर्चमध्ये स्पॅनिशमधून मिस्सा होते आणि 'उत्तम मेंढपाळ' या नावाची स्पॅनिशभाषक मेनोनाइट मंडळीही उभी राहिली आहे.

हे सारे प्रेमाने झाले असे समजण्याचे कारण नाही. मजुरीचा दर नगावर. काम जोरात असताना भरपूर पैसा, मंदी आली की दुसऱ्या दिवशी फाटक बंद. २००८ च्या अरिष्टात चैनीची फिरती घरे घेणार कोण? एल्कार्ट-गोशेन भागातील बेकारी एका वर्षात सुमारे पाच टक्क्यांवरून विसाच्या जवळ गेली. राष्ट्राध्यक्ष ओबामा फेब्रुवारी २००९ मध्ये एल्कार्टला येऊन गेले ते यामुळेच. अशा वेळी स्थानिक बेकार आणि परदेशी बेकार यांच्यात वैर पेटविणे सोपे असते, आणि त्याचे प्रयत्नही झाले. कागदपत्रे नसलेल्या तरुणांना सरकारी महाविद्यालयांत स्थानिक दराने शिकता येऊ नये असा कायदा इंडियाना राज्याने २०११ साली केला तो याच वातावरणात.

त्याच सुमारास गोशेन महाविद्यालयात एक निराळाच वाद चालू होता. सामन्यापूर्वी राष्ट्रगीत वाजवावे की नाही? युद्धाचे वर्णन असलेले गीत शांतिवादी संस्थेने वाजवू नये हा जुना प्रघात २०१० साली मोडला गेला. २०११ साली संचालक मंडळाने निर्णय फिरवून दुसरे देशगीत निवडले. साऱ्या अमेरिकेत त्यावर गदारोळ उठला. तत्त्वनिष्ठेचा आदर करूनही हे म्हणावे लागते की गीताच्या शब्दांवर जेवढी शाई सांडली तेवढी नगावरच्या मजुरीवर कधी सांडली नाही.

मग २०१५ साल आले, आणि काही तरी हलले. जुने कागद धुंडाळणाऱ्या नागरिकांनी सूर्यास्तबंदीचा इतिहास नगरपरिषदेपुढे ठेवला, आणि ठराव झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये शाळा मंडळाने आणखी एक निर्णय घेतला. शहरातील हायस्कूलच्या संघांचे नाव कित्येक दशके 'रेडस्किन्स', म्हणजे तांबड्या कातडीचे, असे होते. ज्यांना हाकलून देऊन ही भूमी मिळविली त्यांच्या कातडीचा रंग खेळाच्या गणवेशावर मिरविला जात होता. ते नाव रद्द झाले. माजी विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला, सभा तापल्या, शेजाऱ्याशी शेजारी बोलेनासा झाला. शांतताप्रिय गोशेनला प्रथमच चव्हाट्यावर भांडावे लागले. यात मौज अशी की ठरावापेक्षा खेळाच्या संघाच्या नावावर माणसे अधिक चिडली. मेलेल्यांची माफी मागणे सोपे असते. अंगातला सदरा उतरविणे कठीण.

अशा कबुलीजबाबांना टीकाकार निरर्थक म्हणतात. ज्यांना हाकलले ते गेले, ज्यांनी हाकलले तेही गेले. कागदावरच्या पश्चात्तापाने कोणाचे पोट भरते? आक्षेप चुकीचा नाही, अपुरा आहे. त्याचे उत्तर दोन वर्षांतच मिळाले. २०१७ च्या अखेरीस कोअरसिव्हिक या खाजगी तुरुंग चालविणाऱ्या कंपनीने एल्कार्ट जिल्ह्यात परदेशी स्थलांतरितांसाठी हजाराहून अधिक खाटांचे बंदिगृह बांधण्याचा प्रस्ताव आणला. रोजगाराचे आमिष होतेच. गोशेनचे महापौर जेरेमी स्टट्समन यांनी उघड विरोध केला. मंडळ्या, शिक्षक, स्थलांतरितांचे गट आणि काही उद्योजकही एकत्र आले. जानेवारी २०१८ मध्ये जिल्ह्याच्या तीनही रिपब्लिकन आयुक्तांनी पाठिंबा नाकारला आणि कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. यात उद्योजकांचा स्वार्थ होता हे लपविण्यात अर्थ नाही. त्या वर्षी जिल्ह्यात बेकारी नगण्य होती, कारखान्यांना हात हवे होते; कामगार ज्या भीतीने पळून जातील ती भीती दाराशी कोण बांधील? परंतु नुसता स्वार्थ पत्रके वाटत नाही आणि सभागृहे भरवत नाही. आपले शहर एके काळी माणसे हाकलणारे होते हे ज्यांनी जाहीरपणे मान्य केले होते, त्यांना पुन्हा त्याच कामासाठी जमीन देणे अवघड गेले.

यानंतरची घटना या पंथाच्या इतिहासात अभूतपूर्व म्हणावी अशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या नव्या सरकारने एक जुने बंधन उठविले. प्रार्थनास्थळे, शाळा, रुग्णालये येथे स्थलांतरितांची धरपकड सहसा करू नये असा संकेत होता; तो गेला. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ख्रिस्ती आणि ज्यू अशा सत्तावीस धार्मिक संघटनांनी याविरुद्ध वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. फिर्यादींच्या यादीत पहिले नाव आहे मेनोनाइट चर्च यूएसए यांचे. ज्या पंथात कोर्टाची पायरी चढणे हेच पिढ्यान्पिढ्या अधर्म्य मानले गेले, सरकारवर दावा लावणे म्हणजे दडपण आणणे असे जेथे शिकविले गेले, तो पंथ सरकारविरुद्धच्या दाव्यात आघाडीला उभा राहिला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम देण्यास नकार दिला. पण रविवारच्या प्रार्थनेला आलेली मेक्सिकन बाई उंबरठ्यावर पकडली जाईल या भीतीला उत्तर म्हणून प्रार्थना पुरेशी नाही, हे त्या पंथाने लेखी मान्य केले आहे. हर्शबर्गर यांच्या ग्रंथापासून या दाव्यापर्यंत ऐंशी वर्षे लागली.

या दाव्याची सीमाही स्पष्ट आहे. तो चर्चच्या दारापुरता आहे. स्पॅनिश बोलणारा आणि जुनी जर्मन बोली बोलणारा, असे दोघे कामगार शेजारी शेजारी उभे राहून त्याच फिरत्या घराला त्याच खिळ्यांनी भिंत ठोकतात. एकाला धरपकडीचे भय, दुसऱ्याला आपल्या जागी स्वस्त माणूस येईल हे भय. दोघांना नगावरची मजुरी. दोघांच्या पंथांच्या, भाषांच्या, जेवणांच्या विविधतेचे शहरात आता कौतुक होते, जत्रा भरतात, भित्तिचित्रे रंगतात. एल्कार्ट जिल्ह्यातील या धंद्यात कामगार संघटना मात्र आजही अपवादानेच आढळते. जुन्या समझोत्याप्रमाणे वर्गणीऐवजी धर्मादाय देण्याचाही प्रश्न तेथे उद्भवत नाही. वर्गणी मागावयास फाटकापाशी कोणी उभेच नसते.